विमलाच्या वर्गाची हजेरी

१९ ऑगस्ट, मंगळवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. विमला गेल्याचे तिच्या मुलाने फोनवरून कळवले. मी ‘बरे’ म्हणालो आणि फोन खाली ठेवला. तो शब्द योग्य नव्हता, हे नंतर लक्षात आले. पाच आठवड्यांनी लिहितो आहे.

विमला आमच्या शेजारची. म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपाई घराण्यांपैकी आम्ही दोघेही. घरी ती मला काका म्हणे, शाळेत कन्नड वळणाने सार. मी गणित शिकवीत असे आणि तिच्या नववीचा वर्गशिक्षक होतो. त्या वर्गातला श्रीनिवास हजेरीला ‘प्रेझेंट सार’ म्हणताना पहिल्याच अक्षरावर अडे. मागून कोणी कन्नडात ‘तळ्ळ्रो’ म्हणे, गाडी ढकला रे. आणि वर्ग हसे. हसणाऱ्यांना मी छडी देई. पण शब्द पुरा झाल्याखेरीज श्रीनिवासलाही बसू देत नसे. सरावाने जीभ सुटते, असे माझे मत होते... छडीचा राग मुले मधल्या सुट्टीत त्याच्यावरच काढीत, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेही नव्हते.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर तो येईनासा झाला. शाळा सोडवून त्याला एच. डी. कोटे या तालुक्याच्या गावी मामाच्या दुकानात धाडायचे वडिलांनी ठरवले. जायचा दिवस रविवार. त्याआधीच्या बुधवारी संध्याकाळी विमला आमच्या दारात उभी राहिली आणि घरी असूनही मला सार म्हणाली.

“सार, उद्यापासून हजेरीला कोणीच बोलणार नाही. नाव घेतलं की नुसतं उभं राहायचं. सगळ्यांनी.”

“हा वर्ग आहे. तमाशा नव्हे.”

“असू दे सार. तो यायला पाहिजे. अष्टे. बाकी काही नको.”

हसणाऱ्यांना तिने आधीच गाठले होते. त्यांचा म्होरक्या गोपाळ ऐकेना, तेव्हा एवढा मोठा वीर आणि दोन क्षण गप्प राहणे जमत नाही होय, असे तिने त्याला चारचौघांत विचारले. तो इरेला पेटला.

गुरुवारी मी पहिले नाव घेतले. मुलगा उभा राहिला, गप्प. पुढचाही तसाच. मी विमलाला व्हरांड्यात उभे केले. शुक्रवारी सारा वर्ग पुन्हा तसाच उभा राहिला, गोपाळसुद्धा. मी तिला पुन्हा बाहेर काढले. त्या संध्याकाळी मुले हे सांगायला श्रीनिवासच्या घरी गेली. शनिवारी विमलाला मी हजेरीआधीच बाहेर पाठवले, आणि मागच्या बाकावर श्रीनिवास दिसला. त्याचे नाव आले. तो उभा राहिला. कोणी हसले नाही. मी पेन थांबवला... मग हजेरीची खूण केली आणि पुढचे नाव घेतले. रविवारी तो कोट्याला गेला नाही.

विमलाला आत बोलवायचे मी तास संपेपर्यंत विसरलो. खरे तर विसरलो नव्हतो. ‘चुकलो’ असे पुढे कधी तिला म्हणालोही नाही. तिनेही तो विषय काढला नाही.

१९ ऑगस्टच्या त्या मंगळवारी विमलाला न्यायच्या आधी अंगणात श्रीनिवास दोन शब्द बोलायला उभा राहिला. आता साठी उलटलेला. “विमलानं मला...” एवढ्यावर अडला. तिच्या जावयाने मदत म्हणून वाक्य पुरे करायला घेतले. मी जावयाच्या मनगटावर हात ठेवला.

“त्यांना बोलू द्या.”

सगळे थांबले. बराच वेळ गेला.

“...शाळेत ठेवलं,” श्रीनिवास म्हणाला आणि खाली बसला.

स्मशानातून घरी येऊन मी स्नान केले. धोतर पिळून दोरीवर टाकले.