सोडलंय, पण कुणासाठी?

माझी बायको अन्न सोडत चालली होती आणि आम्ही घरातले सगळे तिला मनातल्या मनात नमस्कार करत होतो. आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

रेल्वेतून निवृत्त झालो आणि मनमाडचं क्वार्टर सोडून आम्ही दोघं नाशिकला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो. मुलगा-सून गुणी, नात चौथीत, लिफ्ट आहे, पाण्याची ददात नाही. तक्रारीला जागाच नव्हती. मनमाडला सौ.चा दिवस दारातच जायचा. कुणाच्या कुरडयांचा चीक बिघडला, कुणाची सून रुसली, की हिला बोलावणं यायचं. मी तिला 'स्टेशनमास्तरीण' म्हणून चिडवायचो, कारण तिच्या झेंडीशिवाय आळीतली एक गाडी हलत नसे. इथे मजल्यावरची सगळी दारं बंद. स्वयंपाकाला बाई. "आई, आयुष्यभर राबलात, आता आराम करा," असं सून अगदी मनापासून म्हणायची, आणि ही खिडकीशी खुर्ची ओढून बसायची.

मध्यंतरी आम्ही त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेलो. तीर्थाला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ देवापाशी सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. परतल्यावर तिने गोडाला हात लावला नाही. "सोडलंय," एवढंच म्हणाली. पुढे भात सोडला, चहा सोडला, मग रात्रीचं जेवणही. 'सोडलंय' म्हटल्यावर आमच्यात पुढे कुणी विचारत नाही, दुसऱ्याचा नेम मोडायला लावणं पाप समजतात. आमच्या आई फार कडक, असं सून माहेरी कौतुकाने सांगायची.

मला मात्र धास्ती बसली. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरू लागल्या होत्या. दुपारी ती पडली की मी तोंडासमोर पेपर धरून तिचा श्वास ऐकत बसायचो, आणि मध्येच ऐकू आला नाही की माझाच थांबायचा. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात या कुणाशी बोलतात?" मला त्यांचा रागच आला. माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललंय आणि यांना गप्पांचं पडलंय. खरं सांगायचं तर मला देवाचीही भीती वाटू लागली होती. हिने ज्याच्यासाठी घास सोडला त्याला ते कळत तरी होतं का, की हिला न्यायचंच त्याच्या मनात होतं? देवघरासमोर हात जोडायचो, पण काय मागावं ते सुचत नसे.

आणि एका संध्याकाळी नातीने भरलेलं ताट बाजूला सारलं. "आबा, मी पण जेवण सोडलंय. आजीसारखं." सून हसली. मी सौ.कडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पोरीने शेवटपर्यंत घास घेतला नाही. पुढे कसं होणार, याचा विचारच मला करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिला घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना हिला भोवळ आली. कसंबसं सावरून बसवलं. गोदामाईकडे बघत मी मनात म्हणालो, माझी अक्कल संपली, आता तूच बघ. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. सायखेड्याकडची, देवदर्शनाला गेलेल्या सोबतिणींची वाट बघत होती. तिने डबा उघडला आणि हिच्याकडे वळली.

"काय झालं गं बाई?"

"काही नाही. जेवण सोडलंय."

"कोणत्या देवाला बोलून सोडलं?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. सौ.ने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुणालाच नाही." आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

"मंग त्यो काय नेम नाय बाई, ह्यो रुसवा हाय," म्हातारी म्हणाली. तिने भाकरी मोडली, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि हिच्या हातावर ठेवली. "घे. मला लय भूक लागलीय, अन् एकटीनं घास उतरत नाय."

सौ. जेवली. चतकोर भाकरी असेल, पण जेवली. मी तोंड फिरवून नदीकडे बघत राहिलो, कारण मला रडू आवरत नव्हतं. तेवढ्यात म्हातारीच्या सोबतिणींनी हाक मारली आणि ती डबा बंद करून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

ती कोण होती, याचा मी काथ्याकूट करत नाही. रिक्षात सौ. हळूहळू बोलू लागली. "अहो, त्या घरात माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मग जेवून तरी काय करायचं?" ते ऐकून तिला भाकरी खाताना पाहिल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. त्या संध्याकाळी तिने नातीला जवळ घेतलं, "आजीचं चुकलं," म्हणाली, आणि एका ताटात दोघी जेवल्या. नंतर त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुचवलेल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे काही महिने जात राहिलो. सुनेने एक वेळचा स्वयंपाक तिच्या हाती दिला, मी भाजी निवडायला बसू लागलो. सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही.

अजूनही ती "भूक नाही" म्हणाली की मी आधी का ते विचारतो. मग माझं ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसतो. विचारणं माझं काम, पुढचं गोदामाईच्या हाती, एवढं मला कळलंय. परवा भाजी मी केली होती. तिने घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अळणी आहे. इतक्या वर्षांत मिठाचा अंदाज नाही आला तुम्हाला?" मीठ आणायला उठलो, ते आधी देवघरापाशी जाऊन हात जोडून उभा राहिलो.