पाटावर उभी राहा

या सदरातले अनुभव मी हसण्यासाठी वाचतो. पांढरी साडी, उलटे पाय, आपोआप वाजणारं दार... आणि लिहिणारा दरवेळी म्हणणार, माझा विश्वास नव्हता हो. माझाही नव्हता, आजही नाही. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात वीस वर्षं काढलेला मी माणूस; टेस्टर लावल्याशिवाय काही खरं मानत नाही.

तरी लिहितोय. वय चौऱ्याहत्तर. आमच्या घरात एका बाईचं नाव खराब झालंय, ते मीच केलंय.

भोईवाड्यात आमची चाळ होती — पहिला मजला, खोली अकरा. ओट्याशी दोन पिनांचा सॉकेट. कॉईलची इलेक्ट्रिक शेगडी आणली, तिचा प्लग तीन पिनांचा. नवा सॉकेट लावून अर्थिंग ओढायला अर्धा रविवार गेला असता. मी पक्कडीने वरचा जाड पिन, अर्थिंगचा, उपटला आणि प्लग बसवला. अख्ख्या मजल्याला अर्थिंगवर भाषणं देणारा मी.

दुसऱ्याच दिवशी माझी बायको सुलभा म्हणाली, "अहो, शेगडीला हात लावला की झिणझिणतं."

"पाटावर उभी राहा."

"रोज पाटावर? म्हणजे रोज लग्न लागणार माझं."

"तेवढीच हौस फिटेल."

आठ महिने ती दोन फळ्यांच्या पाटावर उभी राहून स्वयंपाक करत होती. एका सकाळी लादी धुतलेली होती, पाट गॅलरीत वाळत होता, आणि दूध उतू जायला आलं. मी मोरीत दाढी करत होतो. पातेलं पडल्याचा आवाज आला...

शेजारी जमले तेव्हा सुलभा गेलेली होती. मी म्हणालो, "ओला हात लावला शेगडीला. किती वेळा सांगितलं होतं." तोवर प्लग कापून मी खिशात टाकला होता. पोलिसांनाही तेच सांगितलं. पुढे पाट कशाला होता असं कोणी विचारू नये, म्हणून तो फोडून बंबात घातला. जळताना डोळ्यांनी पाहिलाय.

सत्तावीस वर्षं घरात एकच वाक्य — आईसारखा हलगर्जीपणा नको.

आता त्याच जागी टॉवर आहे, आम्ही चौदाव्या मजल्यावर. मागच्या उन्हाळ्यात मुलाने, हेमंतने, इंडक्शन आणलं. बायकोला म्हणाला, "मानसी, पुस्तिका नीट वाच. आईचं माहीत आहे ना?" मानसीने मोठ्याने वाचलं: भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटातच लावा, एक्स्टेन्शन नको, ओला हात नको. मी मान डोलावली. ढोंगी माणसाची मान छान डोलते.

दोनच दिवसांनी, दुपारी चारला, घरात मी एकटा. गुडघे दुखतात, टेबलावरच चहा करू म्हणून एक्स्टेन्शन ओढलं. त्याच्या वरच्या भोकात काहीतरी अडकलेलं, जाड पिन जाईना. मग मी काय केलं? पक्कड आणली. हो, पुन्हा.

पिन पक्कडीत धरला आणि तळपायांना लाकूड लागलं. गुळगुळीत, किंचित उबदार, मधे फट. खाली पाहिलं तर पांढरी टाईल. पाय उचलवेना. मानसी भाजी घेऊन आली तोवर मी तसाच उभा होतो.

तिने पक्कड काढून घेतली, मला खुर्चीत बसवलं. मला शुगर आहे, त्यामुळे पाय तीच तपासते.

"बाबा, हे कशाचे वळ?"

दोन्ही तळव्यांवर आडवी सरळ रेघ. डाव्या टाचेजवळ वाटाण्याएवढा खळगा. पाटाचा तिथलाच एक खिळा वर आला होता. सुलभा ठोकून द्या म्हणायची, तोही मी ठोकला नव्हता.

मानसीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

संध्याकाळी हेमंतला सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी लादी मी धुतली होती, बाबा. बारा वर्षांचा होतो. कोणाला बोललो नाही."

वळ सकाळपर्यंत गेले. डॉक्टर म्हणाले, चटईचे असतील. आमच्या घरात चटई नाही. आता तुमच्यातले जाणकार पितर, आत्मा वगैरे सांगतील. ते ज्ञान तुमच्याकडेच ठेवा. एवढं मात्र जसंच्या तसं छापा: सुलभा निष्काळजी नव्हती. लादी धुणाराही नव्हता.