साइनचं वर्तुळ आणि शेजारची सून

तुम्ही दोघांनी मागच्या दिवाळीत मला एक लिंक पाठवली होतीत, ‘आजी, हे बघ, मजा आहे’ असं लिहून. मी ती तेव्हा उघडलीही नव्हती. पुढं तिचं काय झालं ते सांगते.

आपल्या अमरावतीच्या घराशेजारी एक सून आहे, तिशीची, माहेर तेल्हाऱ्याचं. लग्नाआधी दहावीत तिचं फक्त गणित राहिलं. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं आहे आणि दहावीशिवाय प्रवेश नाही. मध्ये एकदा तिनं परीक्षा देऊन पाहिली, चार गुणांनी गेली. नवरा म्हणाला, आता ही शेवटची. म्हणून ती रोज दुपारी तीनला वही घेऊन माझ्याकडे येऊ लागली.

मी तीस वर्षं इंग्रजी शाळेत गणित शिकवलं. माझी पद्धत ठरलेली होती: आधी तक्ता पाठ, मग उदाहरणं. त्यातही तिच्या पुस्तकातले ‘संमुख बाजू’, ‘लगतची बाजू’ हे शब्द मलाच आधी शिकावे लागले. तक्ता तिनं पाठ केला. तिची सासू कुंपणावरून मला म्हणाली, “बाई, भाजीत मीठ टाकाले इसरली ही, साइन कॉस नाही इसरली.”

पण सराव परीक्षेत तक्ता आठवेना, तेव्हा तिनं साइन साठ बरोबर एक असं लिहिलं. मी विचारलं तर म्हणाली, “काकू, तीसले अर्धा, तं साठले पुरा व्हाले पायजे न.”

मी रागावले. पाठांतरात हयगय केली, असं बोलले. ती पुढचे चार दिवस आलीच नाही.

चौथ्या दिवशी टॅबलेट पुसताना तुमची लिंक दिसली. पडद्यावर एक वर्तुळ, परिघावर लाल ठिपका. ठिपका बोटानं ओढला की केंद्रापासूनची रेघ फिरते आणि ठिपक्याची उंची शेजारी निळ्या पट्टीत वाढते. ती उंची म्हणजेच साइन. अर्धा तास मी एकटीच ओढत बसले. मग टॅबलेट घेऊन तिच्याकडे गेले, रागावल्याबद्दल चुकलं म्हणाले आणि तिच्या हातात दिला.

तिनं ठिपका सावकाश वर नेला, खाली आणला, परत नेला.

“आमची बंडी उलाळ होते तवा धुरा अशीच उठते,” ती म्हणाली. कापूस भरताना मागं वजन जास्त झालं की बैलगाडी मागं कलंडते आणि पुढची दांडी वर उठते, ते ती सांगत होती. “पयले झपकन उठते. वर गेली का उठतच नाही, नुसती मागं जाते.”

मग तिनंच म्हटलं, “म्हंजे अर्धी उंची पयल्या तीसातच झाली. बाकीची अर्धी व्हाले साठ लागले.”

हे वाक्य तीस वर्षांत मी एकदाही वर्गात बोलले नव्हते.

परीक्षेत झाडाच्या उंचीचं उदाहरण आलं, कोन साठचा. तिनं टॅन उलटा धरला आणि झाडाची उंची अंतरापेक्षा कमी आली. पंचेचाळीसच्या वरचा कोन आणि झाड बुटकं, असं होईल कसं, म्हणून तिनं ते खोडून पुन्हा सोडवलं. बाहेर आल्यावर मला आधी हेच सांगितलं. त्रेचाळीस गुण मिळाले. पुढच्या महिन्यात तिचा आयटीआयचा वर्ग सुरू होईल. नवऱ्यानं स्वतः जाऊन फॉर्म आणला.

काल ती एक प्रश्न घेऊन आली. त्याच चित्रात टॅनचीही एक रेघ आहे, ती नव्वदजवळ पडद्याबाहेर निघून जाते, ती कुठं जाते? मी तोंडी सांगितलं. तिनं मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. हे दाखवणारं एखादं चित्र तुमच्याकडे असेल तर पाठवा. या वेळी मी लगेच उघडेन.