आबांची परवानगी

आमच्या कळंबच्या घरी पडवीत कॉम्प्युटर आला, आणि बऱ्याच काळाने आबांना कोणीतरी काही विचारू लागलं.

शेतात बांधलेल्या खोल्या आम्ही शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देतो. बिलं करायला एक जुनाट सॉफ्टवेअर आहे. ते उघडलं की स्क्रीन नाटकातल्यासारखी काळवंडायची आणि मधोमध चौकट उभी राहायची: या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? होय की नाही? पहिल्यांदा मी ते गमतीने मोठ्यांदा वाचलं. खाटेवरून आबा, माझे वडील, म्हणाले, "नाय."

आमच्याकडे रीतच तशी. पेरणी असो की पोरीचं स्थळ, घरातल्या थोरल्याला विचारायचं, आणि त्याने पहिल्या खेपेला नकारच द्यायचा. खरी गरज असलेला परत येतो. खोल्यांचं मात्र पाया खोदून झाल्यावर आबांना कळलं. तेव्हापासून विचारणं बंदच पडलं होतं.

मी 'नाही' दाबलं, पुन्हा उघडलं. चौकट पुन्हा हजर.

"बघ, आला परत," आबा खूश. "गरजू हाय बिचारा. दे त्याला."

मग काय, दर रविवारी दरबार. पाहुणे बॅगा घेऊन ताटकळत, मी भालदारासारखा पुकारा करतोय, आणि आबा मिशीवरून बोट फिरवत विचारात पडलेले.

बायकोला ते पुरे झालं. "अवो, लोकं खोळंबल्यात तिकडं. बापलेकांचा तमाशा आवरा आता."

सेटिंगमध्ये एक पट्टी असते. ती तळाला ओढली की चौकट येतच नाही. मी ओढली. बिलं भराभर निघू लागली.

आबा कोपरावर उठून बघत राहिले. "आज इचारलं नाय त्यानं?"

"आता लागत नाय, आबा."

"बरं," म्हणाले आणि आडवे झाले.

पुढचे काही रविवार ते उठलेच नाहीत. मला राहवेना. मी गुपचूप पट्टी वर सरकवली. स्क्रीन काळवंडली, चौकट आली. होता नव्हता तेवढा आवाज लावून मी म्हणालो, "आबा, आलाय बघा. इचारतोय."

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तूच दाब रं," म्हणाले. "मला कशाला दाखवतो?"

मी चौकट तशीच ठेवून बसलो. मागे उभ्या पाहुण्याने घसा खाकरला. मी 'होय' दाबलं.