भिंतीवरचा तेलाचा डाग

आमच्या छोट्या अॅनिमेशन फिल्मचं काम चार-पाच शहरांत वाटलेलं होतं. कुणी कुणाला प्रत्यक्ष भेटलेलं नव्हतं. एकाने गोष्ट लिहिली, एकीने माणसं घडवली, कुणी त्यांना चालतं-बोलतं करत होतं, आणि मी भवानी पेठेत बसून भिंती मळवत होते. माझं काम खरंच तेवढंच. संगणकात उभी केलेली भिंत कोऱ्या पुठ्ठ्यासारखी असते; तिला पोपडे, ओल, डाग चढवायचे आणि मग तिच्यावर उजेड पाडायचा. आईने जन्मभर सांगितलं, घर स्वच्छ ठेव. आणि मी निवडलं हे काम.

गोष्ट मागावरच्या एका म्हाताऱ्या कामगाराची होती. तसं घर शोधायला लांब जावं लागलं नाही. मागच्या बोळात अक्का राहायच्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या. त्यांचे यजमान यंत्रमागावर होते. पाळी संपवून आले की ते ठरलेल्या जागी भिंतीला डोकं टेकून बसायचे. तिथे खोबरेल तेलाचा काळपट गोल उमटला होता. ते गेले, गोल राहिला. दर दिवाळीला अक्का चुना मारायच्या आणि काही दिवसांनी डाग पुन्हा वर यायचा. "आले बघ," त्या हसून म्हणायच्या.

मला तो डाग हवाच होता. एका संध्याकाळी मोबाइलवर झटकन एक फोटो काढला आणि सांगितलं, रविवारी कुणाचा तरी चांगला कॅमेरा आणते, मग नीट काढू.

"पिच्चरात हे दिसनार?" अक्कांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

"तुमची भिंतच हीरो आहे," मी म्हटलं. माझी जीभ जरा सैलच.

रविवारी गेले तर भिंत फिकट निळी, चकचकीत. ऑइल पेंटचा वास पार दारापर्यंत.

"अक्का, हे काय केलंत?"

"त्या तेलावर चुना टिकत न्हाय की. म्हणून भाच्याकडून हे लावून घेतलं. लोक बघनार, भिंत घाण कशी ठेवायची?"

"पण मला तो डागच हवा होता!"

"मग तू काढलास की फोटो. आता ते तुझ्या पिच्चरात हायत. हितं कशाला?"

त्यांना हे इतकं सरळ वाटत होतं की मला ओरडताही येईना. घरी येऊन मोबाइल उघडला. अंधारलेलं असल्यामुळे फ्लॅश आपोआप पडला होता, आणि तेलकट जागेवर उजेड पडला की काय होतं, हे माझ्यासारखीने सांगायला नको. डागाच्या जागी नुसता पांढरा भपका. फोटोही इतका जवळून काढलेला, की ना जमीन दिसत होती, ना खिडकी.

मग तो डाग मी संगणकावर हाताने रंगवायला घेतला. कडेला फिका, मध्ये दाट, वर थोडी चमक. खिडकीतून तिरपा उजेड सोडला. ग्रुपवर सगळ्यांनी वाहवा केली, आणि त्यानंतर हळूहळू ग्रुपच थंडावला. गोष्ट लिहिणाऱ्याला नोकरी लागली. माणसं घडवणारी निरोपाला उत्तर देईना. फिल्म होणार नाही असं कुणी म्हटलं नाही. घोंगडं तसंच भिजत पडलं. मीही विचारणं सोडून दिलं, कारण उत्तर मला माहीत होतं.

अक्का मात्र रस्त्यात दिसल्या की विचारायच्या, "झाला का ग पिच्चर?" शेवटी एक दिवस लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. दाखवायला एवढंच होतं: रिकामी खोली, भिंत, तिच्यावर उजेड. त्यांनी चष्मा लावला, पदराने स्क्रीन पुसली, बराच वेळ पाहिलं.

"हे त्यांचं न्हाय ग," त्या म्हणाल्या. "लई खाली हाय. ते उंच होते."

मला भयंकर राग आला, स्वतःचा, ग्रुपमधल्या सगळ्यांचा, त्या ऑइल पेंटचा. पण एवढं तरी दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

"कुठे होता ते दाखवा," मी म्हटलं. "आत्ता वर घेते."

अक्का उठल्या. भिंतीपाशी बसून त्यांनी तळवा टेकवला. "हितं." मग जरा वर नेला. "न्हाय, हितं." मग डावीकडे. गुळगुळीत निळ्या रंगावरून हात फिरत राहिला, कुठेच थांबेना. शेवटी त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुला आठवतंय का ग, ते कुटं बसायचे?"