नझीहाचे दात

आमच्या शेजारच्या रफीकाची धाकटी बहीण नझीहा लग्न करून फ्रान्सला गेली, तेव्हा ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या महदियातल्या आम्हा सगळ्या बायकांना तिचा हेवा वाटला होता. तो पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिला, कारण दर उन्हाळ्यात ती यायचीच तशी. दोन फुगलेल्या सुटकेसा, वर दोरीनं बांधलेलं खोकं. चॉकलेटं, शाम्पू, अत्तरं, कुणाच्या पोराला बूट, आणि तिच्या आईला, म्हणजे आम्ही सगळे जिला खालती, मावशी, म्हणतो त्या शाधलियाला, गुडघ्याचा पट्टा. खालती शाधलिया जन्मभर मागावर रेशीम विणत बसलेली बाई. लेक आली की ती दार सताड उघडं ठेवून बसायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला खोकं दिसावं.

नझीहा ‘ऑफिसात काम करते’ असं रफीका सगळ्यांना सांगायची. ते खोटं नव्हतं. लिऑनच्या बाहेर एका वस्तीत ती राहायची आणि पहाटेच्या बसनं जाऊन, साहेबलोक यायच्या आत, तीन वेगवेगळ्या ऑफिसांच्या फरशा पुसायची. नवरा दुसऱ्या बाईबरोबर मार्सेयला निघून गेला हे तिनं घरी कळवलं होतं. त्यानंतर आपण कसे दिवस काढतो हे मात्र कधी कळवलं नाही. खोकी येत राहिली, तेव्हा कुणी विचारलंही नाही.

तिचे दात तिथंच गेले. आधी एक दाढ दुखायला लागली. दाढ वाचवायला खर्च फार, उपटायला कमी, म्हणून ती उपटून घेतली. मग दुसरी. मग हिरड्या सुजल्या, पुढचे दात हलायला लागले. तीन ठेकेदारांकडे तुकड्यातुकड्यानं नोकरी, त्यामुळं दातांचा खर्च उचलणारा विमा कधी सलग टिकलाच नाही. शेवटी तिथल्या दंतवैद्यानं सगळं तोंड नीट करायला किती लागेल ते सांगितलं. नझीहानं त्याचे आभार मानले, बाहेर आली आणि बसस्टॉपवर बसून राहिली. तिची बस आली आणि निघून गेली.

मग तिनं उन्हाळ्यात यायचं बंद केलं. एका वर्षी रजा नाही म्हणाली, दुसऱ्या वर्षी पाठ धरली म्हणाली. व्हिडिओवर बोलताना फोन टेबलावर उताणा ठेवायची.

“मला तुझ्या घराचं छत पाठ झालं गं,” खालती शाधलिया म्हणायची. “तिथं कोपऱ्यात ओल आलीय ती पण दिसते. तू कुठं आहेस?”

“कॅमेरा बिघडलाय, उम्मी.”

“मग नवीन घे की. फ्रान्समध्ये राहतेस ना?”

तिच्याबरोबर फरशी पुसणारी जोझियान नावाची एक फ्रेंच बाई होती. ती रजेवरून आली ती मोत्यासारखे दात घेऊन. नझीहानं विचारलं, कुठं केले? जोझियान म्हणाली, “अगं, तुझ्याच देशात! एजन्सी आहे एक. विमानतळावर गाडी येते, हॉटेल समुद्राकाठी, डॉक्टर एकदम छान. इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. तुला माहीत नाही?”

नझीहाला माहीत नव्हतं. तिनं साठवलेलं होतं ते एजन्सीत भरलं आणि नोव्हेंबरात निघाली. घरी अवाक्षर कळवलं नाही. हॉटेल सूसला होतं, महदियापासून जेमतेम तासाभरावर. दात बसवून घ्यायचे, परत जायचं आणि उन्हाळ्यात नीट तोंडानं घरी यायचं, असा तिचा बेत होता.

विमानतळावर तिच्या नावाची पाटी घेऊन एक तरुण उभा होता. सामान उचलता उचलता तो फ्रेंचमध्ये म्हणाला, “मादाम, ट्युनिशियात पहिल्यांदाच येताय?”

ती “हो” म्हणाली.

हे सांगताना नझीहा माझ्यासमोर रडली होती. दात गेले त्यावर नाही, नवरा गेला त्यावर नाही, त्या एका ‘हो’वर. ते तोंडातून निघालं आणि मग मागं घेता येईना. दवाखान्यातही ती फ्रेंचच बोलत राहिली. खुर्चीवर आडवी पडलेली असताना डॉक्टरच्या हाताखालच्या दोन मुली आपल्या भाषेत बोलत होत्या.

“नाव तर आपल्याकडचंच आहे हिचं.”

“तिकडंच जन्मली असेल. यांना कुठली येतेय आपली भाषा?”

“येत असेल गं. लाज वाटत असेल बोलायची.”

नझीहा डोळे मिटून पडून राहिली. डॉक्टर हलक्या हाताचा होता. त्यानं उरलेसुरले दात काढले, हाडात खिळे बसवले आणि सांगितलं, सूज उतरली की तात्पुरती कवळी देतो, खिळे धरले की वसंतात परत या, पक्के दात तेव्हा. सूज उतरेपर्यंत तोंड रिकामं राहणार होतं.

हॉटेलात एजन्सीचे बाकीचे फ्रेंच म्हातारे-म्हाताऱ्या जेवणघरात बसून एकमेकांना तोंडं उघडून दाखवायचे आणि हसायचे. त्यांना कसलीच लाज नव्हती. त्यातली एक नझीहाला म्हणाली, “इथली माणसं किती मायाळू आहेत, नाही?” नझीहानं मान हलवली आणि सूपचा वाडगा घेऊन खोलीत गेली.

दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर लुआजचा अड्डा होता. लुआज म्हणजे सीट भरल्या की सुटणाऱ्या आमच्या गाड्या. रोज ड्रेसिंग झालं की ती तिथं जायची, शालीनं अर्धा चेहरा झाकून भिंतीशी उभी राहायची आणि महदियाच्या गाड्या भरताना बघायची. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. एकदा आमच्या गल्लीतला मासळीवाला गाडीत चढताना दिसला, तर ती खांबामागं लपली.

अशीच उभी असताना रफीकाचा फोन आला. रफीका रडत होती. “उम्मी पडली गं. गच्चीवर मिरच्या उलथायला गेली आणि जिन्यावरून घसरली. खुबा मोडलाय. महदियाच्या डॉक्टरांनी इकडं पाठवलं, आम्ही सूसच्या मोठ्या दवाखान्यात आहोत. सारखं तुझं नाव घेतेय.”

नझीहाच्या तोंडात दात नव्हते, जीभ वळत नव्हती. “मी... तिकीट बघते,” ती कसंबसं म्हणाली. “दोन-तीन दिवस लागतील. इथून एकदम निघता...”

तेवढ्यात तिच्या पाठीमागं ड्रायव्हर ओरडला, “महदिया! महदिया! एकच सीट राहिली, महदिया!”

फोनवर रफीकाचं रडणं थांबलं.

“नझीहा,” ती सावकाश म्हणाली, “लिऑनमधून महदियाला लुआज केव्हा सुरू झाल्या?”

नझीहानं फोन बंद केला.

ती किती वेळ भिंतीशी उभी होती तिला आठवत नाही. मग टॅक्सीनं ती मोठ्या दवाखान्यात आईकडं गेली. व्हरांड्यात रफीका होती. तिनं बहिणीला बघितलं आणि आधी ओळखलंच नाही. सुजलेले गाल, आत ओढलेले ओठ. नझीहा शाल सोडेना, तेव्हा रफीकानं ती ओढली.

“या अल्ला! कुणी मारलं तुला?”

“कुणी नाही. दात काढलेत. इथं दवाखाना आहे, तिथं स्वस्तात...”

“कधी आलीस?”

“आठवडा होत आला.”

“आणि राहिलीस कुठं?”

“हॉटेलात.”

“हॉटेलात!” व्हरांड्यातल्या बायका वळून बघायला लागल्या. “आई परकी, बहीण परकी, आणि हॉटेल आपलं? माझ्या घरात काय काटे पसरलेत? कुणी सांगितलं असतं मला, तुझी बहीण सूसला सुट्टीवर आलीय, तर मी काय तोंड दाखवलं असतं?”

“मलाच तोंड दाखवायचं नव्हतं गं,” नझीहा म्हणाली. “तू तिथं सगळ्यांना सांगतेस ना, माझी बहीण फ्रान्सला असते. तर असं तोंड घेऊन कशी येऊ?”

“तू काय भिकारी आहेस का, स्वस्तात करायला?”

नझीहानं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, ती काय काम करते ते. हळू आवाजात, अर्धे शब्द न कळणारे. रफीका ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. तिचे स्वतःचे पुढचे दात चार वर्षांमागं झाले होते, छान चकचकीत, आम्ही सगळ्यांनी बघायला जाऊन कौतुक केलेले. गच्ची गळतेय म्हणून नझीहानं पाठवलेल्या पैशातून तिनं ते करून घेतले होते आणि गच्चीला नुसता चुना फासला होता. ते आता तिला आठवलं असणार. तिनं हात तोंडावर नेला आणि भिंतीकडं वळली.

आत खालती शाधलिया औषधाच्या गुंगीत होती. तिच्याही तोंडात एक दात नव्हता, कधीचाच. तिनं नझीहाच्या गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “छतापेक्षा बरी दिसतेस.” आणि पुन्हा झोपली.

ऑपरेशन नीट झालं. नझीहानं हॉटेल सोडलं आणि आईला घेऊन महदियाला आली. तात्पुरती कवळी अजून मिळायची होती. दुखणं बघायला गल्ली लोटली, त्यात मीही होते. आमची झकिया, जिची जीभ कधी आवरत नाही, ती सगळ्यांसमोर म्हणाली, “अगं बाई, फ्रान्समध्ये दात मिळत नाहीत वाटतं?”

नझीहा काही बोलायच्या आत रफीका म्हणाली, “अपघात झाला तिला. गाडीनं उडवलं. अल्लाची कृपा म्हणून जिवंत आहे.”

मग काय विचारता! बायकांनी ऊर बडवून घेतले. कुणी तिच्यासाठी सूप करून आणलं, कुणी धूप फिरवला, झकियानं तर रडून तिला मिठी मारली. गाडी कसली होती, चालवणारा पकडला का, असं विचारायला लागल्या. नझीहानं मान खाली घातली आणि म्हणाली, “पांढरी गाडी होती.” त्या सूपाचा एकेक घोट गळ्याखाली उतरताना जड जात होता, असं ती नंतर म्हणाली. न झालेल्या अपघाताचे आशीर्वाद घेत ती बसली होती. आधी दात लपवायचे होते, आता पांढरी गाडीही सांभाळायची होती.

वसंतात ती पक्के दात बसवायला आली ती बहिणीच्याच घरी उतरली. रफीका तिच्याबरोबर लुआजनं सूसला जायची. दवाखान्यात नझीहा आपल्या भाषेत बोलली तेव्हा त्या दोन मुलींचे चेहरे पांढरे पडले. त्यातली एक माफी मागायला लागली, पण नझीहानंच तिच्याकडं बघायचं टाळलं.

दात सुंदर झाले. आणि त्याच आठवड्यात झकिया हरखून आली. तिच्या अमानीला फ्रान्सचं स्थळ आलं होतं, लिऑनचंच. आम्ही उंबऱ्यापाशी मटार सोलत बसलो होतो.

“मी तर म्हटलं, डोळे झाकून हो म्हणा,” झकिया म्हणाली. “आमच्या नझीहाकडं बघा. ऑफिसात नोकरी, दर उन्हाळ्यात सुटकेसा. पोरीचं शिक्षण अर्धं सुटलं तरी काय बिघडलं? तू सांग तिला, नझीहा, तिकडं कसं असतं.”

नझीहाचे हात थांबले. आत स्वयंपाकघरात रफीका होती. नझीहा म्हणाली, “झकिया, मी ऑफिसात फरशा पुसते. मला शिक्षण नव्हतं, भाषा नव्हती, नवरा सोडून गेला तेव्हा दुसरं काही मिळालं नाही. अमानीला कॉलेज पुरं करू दे, मग जाऊ दे.”

आत भांडी आपटली.

“मग सुटकेसा?” झकिया म्हणाली.

“त्या मी दात न करता आणल्या.”

“म्हणजे तो अपघात...”

“नव्हता. तुझं सूप प्यायले मी, माफ कर.”

झकिया मटाराचं ताट उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला ठाऊक झालं. कुणी हळहळलं, कुणी हसलं. मासळीवाल्याच्या बायकोनं ‘पुसणारी मादाम’ असं नाव पाडलं, ते अजून चालतं. रफीका तर दोन दिवस बहिणीशी बोलली नाही. “माझी उरलीसुरली अब्रू तू उंबऱ्यावर सांडलीस,” एवढंच म्हणाली. अमानीचं लग्न एक वर्ष पुढं ढकललं, परीक्षा होईपर्यंत. त्याचं श्रेय कुणी नझीहाला दिलं नाही. झकिया तर म्हणते, मुलाकडच्यांनाच घाई नव्हती.

निघायच्या दिवशी मी निरोप द्यायला गेले. खालती शाधलिया काठी टेकत दारापर्यंत आली होती. रफीकानं हरिसाची, म्हणजे आमच्या लाल मिरचीच्या चटणीची, बरणी आणि तेलाची बाटली कपड्यांत गुंडाळून बहिणीच्या बॅगेत कोंबली, चेन ओढली आणि तिच्याकडं न बघताच म्हणाली, “उन्हाळ्यात येशील तेव्हा काही आणू नकोस. कुणी मागितलं तर मला सांग, मी बघते त्यांच्याकडं.”

गाडीपर्यंत मी तिच्याबरोबर चालले. कोपऱ्यावर ती मला म्हणाली, “ती हे बोलली ना, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं याचीच लाज वाटली बघ.” मग तिनं शाल नीट केली आणि लुआजमध्ये खिडकीकडची जागा धरून बसली.