अक्कांचा झिरो

"झिरोच्या उजेडात माझ्या पोरीचं लगीन? न्हाई म्हणजे न्हाई!" शिवलिंगअप्पा ओरडले, तेव्हा मंठाळच्या पारावरच्या चिमण्या उडाल्या त्या थेट गुलबर्ग्याच्या स्टेशनावर उतरल्या.

अप्पा म्हणजे आमच्या भवन समितीचे अध्यक्ष. 'झिरो एनर्जी' म्हणजे खोलीभर झिरोचे बल्ब, अशी त्यांची पक्की समजूत. समोर उभ्या होत्या शकुंतलाक्का, नव्या समुदाय भवनाच्या आर्किटेक्ट. वापरेल तेवढी वीज स्वतःच्याच छपरावर करणारं, आणि पोरांना ऊन-वारा-पाणी भिंतींतून शिकवणारं हे 'झिरो एनर्जी' भवन त्यांनी उभं केलं होतं.

अक्का कुणाकडेही गेल्या की आधी भिंतीला गाल लावायच्या, मग यजमानाला नमस्कार. "भिंतीला ताप असंल तर माणसाला औषध देऊन काय उपेग?" आमच्या भिंतीला त्यांनी एकशेचार ताप सांगितला. बायको रात्रभर भिंतीला ओल्या पट्ट्या लावत बसली!

त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "अप्पा, शरण-संतांनी वचनात शून्य म्हटलं की हात जोडताव. मी म्हटलं की कामून ओरडायलाव?"

अप्पांचे हात आपसूक जोडले गेले. पण अट घातलीच. लग्न भवनात होईल. एका जरी पाव्हण्यानं 'उकडायलंय' म्हटलं, तर झरोके लिंपायचे, एसी बसवायचे आणि पोरांच्या वर्गात जनरेटर ठेवायचा.

लग्नाच्या दिवशी पोत्यातली तूर पोत्यातच शिजून वरण व्हावं, असं ऊन. त्यात मुहूर्तालाच गावची वीज गेली. अप्पा भाड्यानं आणून ठेवलेल्या जनरेटरकडे धावले, तर भवनात दिवे लख्ख! जाड लाल दगडाच्या भिंती, विहिरीवरून भुयारातून येणारा गार वारा. शाळेची पोरं वऱ्हाडाला शिकवत होती, "मामा, हितनं वारा येतंय, वरनं गरमी जातीय."

जेवणं झाली तरी वऱ्हाड उठेना. नवरदेवाचा मामा झोपला तो, नवरीला पहिलं बाळ झालं तेव्हा जागा झाला म्हणतात. जनरेटरवाला खांबाला टेकून घोरत होता.

संध्याकाळी औरादच्या नव्या कामाला निघताना अक्कांनी भिंतीला गाल लावला. पोरांनी टाळ्यांनी भवन डोक्यावर घेतलं. मग त्या वळल्या, "अप्पा, कसा काय वाटला आमचा झिरो?"

अप्पांनी आहेराची शाल अंगाभोवती घट्ट ओढली.

"थंडी वाजायलीय," ते म्हणाले. "खिडकी लावा."